धुतलेला डबा

शनिवार, रात्री साडेदहा. पाऊस आहेच.

डबा संध्याकाळी परत आला. धुतलेला, पुसलेला, झाकण घट्ट लावलेलं. वरच्या वहिनींच्या सुनेनं दारातच हातात दिला, "काकू, डबा" म्हणाली आणि वळली. मी झाकण उघडलं. आत काही नाही.

काय असायला हवं होतं? काहीच नाही. डबा रिकामा पाठवू नये वगैरे जुन्या रिती आता सोडाव्यात, हे लेकीला मीच कितीदा ऐकवलंय. नोकरी करणाऱ्या बायका, कुठं बसणार डब्यात काही घालत. आई असती तर परसातल्या कढीपत्त्याची काडी तरी टाकली असती, नाहीतर साखरेची चिमूट. चिमूटभर साखरेला काय लागतं? पण मी तसलं मनात धरणारी नाही. नाहीच धरत. फक्त तेव्हापासून तीनदा झाकण उघडून बघितलंय. पावसाळ्यात कोल्हापुरात आपण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो ना, दर दोन तासांनी, आणि आकडा तोच असतो, तसं.

आज सकाळपासून त्या डब्यातल्या खाऊच्याच खटाटोपात होते. लेकीनं पुण्याहून व्हिडिओवर समोर बसून करून घेतलं. तिकडं तिच्या ऑफिसखालच्या दुकानात असले दालचिनी-साखरेचे बोटभर तुकडे एका कागदी पिशवीत आठ मिळतात, आणि त्या आठांच्या पैशात माझा आठवड्याचा भाजीपाला येतो. मूळ फ्रान्सकडचं, पाल्मिए म्हणतात, म्हणजे ताडाचं पान. दोन्ही बाजूंनी गुंडाळून मध्ये आणलेली घडी कापली की तसं दिसतं म्हणे. खालचा पिंट्या बघायला आला होता, तो म्हणाला, "आज्जी, चष्मे!" ताड गेलं, चष्मे राहिले.

"आई, वाटीनं नाही, काट्यावर मोज," हे लेकीचं पहिलं वाक्य. मैदा अडीचशे ग्रॅम, बटर दोनशे. काटा आहे, पण त्याचा सेल संपलाय. माझ्या मापाच्या वाटीत सपाट मैदा ऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅम बसतो, हे मी मागेच एकदा वाण्याकडे मोजून घेतलंय. तीन वाट्या. झालं अडीचशे. ती हसली. तिला हसायला काय, तिचं सगळं दशांशात चालतं.

बटर फ्रीजरमधून दगड करून काढायचं आणि किसणीवर किसून मैद्यात टाकायचं. मळायचं नाही. हे माझ्या हाताला पटेना. चाळीस वर्षं कणीक मळलेला हात, तो आपोआप दाबतोच. ती तिकडून ओरडतेय, "आई सोड, सोड, गरम करतेस तू त्याला!" अर्धा पेला बर्फाच्या पाण्यात कसंबसं गोळा केलं, लाटलं, पत्रासारखी तीन पदरी घडी घातली, फ्रीजमध्ये अर्धा तास, पुन्हा लाटलं, पुन्हा घडी. असं चारदा. दुसऱ्या घडीला माझ्या लक्षात आलं की हा आपल्या चिरोट्याचाच भाऊ आहे. तुपाच्या साट्याऐवजी बटर, एवढाच फरक. पण लेक म्हणाली तूप चालणार नाही, कारण बटरमध्ये शंभरात सोळाएक भाग पाणी असतं, त्याची भट्टीत वाफ होते आणि ती वाफ पदर उचलते. तुपात पाणीच नाही, मग उचलणार कोण? तूप घातलंस तर नानकटाईसारखं खुसखुशीत होईल, फुलणार नाही. हे मात्र मला आवडलं. इतकी वर्षं तुपाचं कौतुक करत आले, त्यात काय आहे तेच बघितलं, काय नाही ते कधी बघितलं नाही.

मग दालचिनी. तिनं सांगितलेली श्रीलंकेची, कागदासारख्या पातळ पापुद्र्यांची, हातानं चुरते ती. लक्ष्मीपुरीत मागितली तर दुकानदारानं नेहमीची जाड साल पुढे केली. "मसाल्यालाच ना?" मी हो म्हटलं. चष्मे करायचेत असं कसं सांगणार. मिक्सरमधून काढली, मलमलीतून चाळली, वाटीभर साखरेत तीन चमचे. शेवटचं लाटणं पिठावर नाही, या साखरेवर. आणि साखर लावली की ठेवून द्यायचं नाही, पाणी सुटतं. बोटाच्या जाडीचे तुकडे, २०० अंशांवर बारा मिनिटं, उलटून आणखी सहा-सात. पहिल्या ट्रेमधले सहा खालून काळे झाले, कारण साखरेचं सोनेरीतून कोळशात जाणं दीड मिनिटात उरकतं आणि त्या दीड मिनिटात दाराची बेल वाजली.

बेल खालच्या काकांची. टोपी हातात, चेहरा गंभीर. "काय वैनी, श्रावणात मटण शिजवालायसा काय?"

जिन्यात खरंच तोच वास होता. आपल्याकडं दालचिनी म्हणजे पांढरा रस्सा, दुसरं काही नाही. साखरेशी तिचा संबंध या गल्लीत कुणाला ठाऊक नाही. मी काकांना दोन चष्मे दिले. त्यांनी उजेडात धरून उलटसुलट बघितले आणि म्हणाले, "अंडं नाही न्हवं?"

यात अंडं लागतच नाही. पण आता इथंच मला शंका खातेय. वर बारा पाठवले ते पिंट्याच्या हाती पाठवले. मी स्वतः गेले नाही, कारण... ते टाकीचं प्रकरण झाल्यापासून मी जिन्याच्या त्या वळणावरनं वर गेलेले नाही. निरोपही दिला नाही की बाई, यात अंडं नाही, साधं बटर आहे. वहिनींचा श्रावण कडक. लसूण-कांदा बंद. त्यांनी डबा उघडला असेल, बेकरीसारखा माल बघितला असेल, जिन्यातला वास घेतला असेल, आणि सगळं तसंच कामवालीला दिलं असेल. किंवा ठेवलं असेल झाकून, नातवाला. किंवा खाल्लंही असेल आणि चिरोट्याच्या बाईला चिरोट्याची नक्कल पाठवली म्हणून हसल्या असतील. त्यांचे चिरोटे मी दिवाळीत दरवर्षी खाते. गुलाबी रेघ असलेले. त्यांचा हात कुठं, माझा कुठं.

ह्यांनी चहाबरोबर पाच खाल्ले. "खारीच की ही, साखर लावलेली." संपलं कौतुक. लेकीला फोटो पाठवला, तिचा एक अंगठा आला. तिची मीटिंग होती. दिवसभर पाय दुखेपर्यंत उभी राहिले मी, आणि बेचाळीस चष्म्यांमागे एक अंगठा आणि एक रिकामा डबा. या घरात मी काही केलं काय, नाही केलं काय. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही, कोण बघतंय.

भांडी घासायला उठले म्हणून बरं झालं. आता पुढचं लिहिताना मला हसावं की लपावं कळेना.

मापाची वाटी पालथी घातली होती. उजेड तिच्या बुडावर तिरका पडला होता. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव आहे तिथं, निम्मं घासून गेलेलं. ते मी हजारदा बघितलंय. आपल्या घरात अशी पन्नास भांडी, रुखवतातली, डोहाळजेवणातली, कुठली तरी मावशी, कुठली तरी आत्या, कोण वाचत बसतं? आज वाचलं. सौ. आणि पुढं वहिनींच्या सासूबाईंचं नाव.

२०१९ चा ऑगस्ट. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, शाहूपुरीत आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीला पाणी, लाईट नाही, नळाला पाणी नाही, बाहेर पुरानं पाणीच पाणी. काका खालनं वर आलेले. माझ्याकडं साखर संपली होती आणि वहिनींनी वरनं ही वाटी शिगोशीग भरून पाठवली होती. काळ्या चहाची साखर. पाणी उतरलं, गाळ काढला, घर पुसलं, आणि वाटी माझ्या फडताळात राहिली. रिकामी नाही, भरलेली नाही, परतच गेली नाही. सहा वर्षं मी तिनं मोजतेय. आज साखर-दालचिनीही तिनंच मोजली आणि वर पाठवली.

त्याहून वाईट पुढं आहे. गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाला याच वाटीत तिळगूळ घालून मी वहिनींपुढं धरली होती. त्यांनी वाटी हातात घेतली, जरा फिरवून बघितली आणि म्हणाल्या, "छान आहे हो वाटी. जुनी आहे ना?" आणि मी, मी काय म्हणाले असेन? "हो, आमच्याकडची जुनीच."

आमच्याकडची!

ती बाई हसून तिळगूळ घेऊन गेली. आणि मी इथं चिमूटभर साखरेचा हिशेब मांडून बसलेय.

सात चष्मे उरलेत. या हवेत संध्याकाळीच नरमलेत. लेकीला विचारलं असतं, पण ती झोपली असेल, आणि एवढं मला आपलं आपण कळतं: १५० अंशांवर पाच मिनिटं, मग बाहेर गार होऊ द्यायचे, तेव्हा कुरकुरीत होतात. ओव्हन लावलाय. वाटी चिंचेनं घासली, नाव आणखी थोडं पुसट झालं की काय अशी भीती वाटली. उद्या सकाळी वर जायचं, पिंट्याला नाही पाठवायचं. अंड्याचं पहिल्यांदा सांगायचं, वाटीचं नंतर. की वाटीचं पहिल्यांदा? टाकीचं नाहीच काढायचं.

वाटीत सहाच बसले. सातवा मी ओट्यापाशी उभ्याउभ्या खाल्ला. खालच्या मजल्यावरची खिडकी उघडल्याचा आवाज आला आत्ताच.