मुलाची मानसशास्त्रीय तपासणी: भाषा आधी ठरवा

शाळेतल्या बाईंनी ‘एकदा आयक्यू काढून आणा’ म्हटलं की घरात धास्ती बसते. सुई टोचतील का, डोक्याला वायरी लावतील का, पोराच्या नावावर शिक्का बसेल का? खोलीत टेबल असतं, ठोकळे, चित्रं, कागद-पेन्सिल असते आणि समोर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे तपासणी करणारे मानसशास्त्रज्ञ, असतात. सुई-वायर काही नाही. पण बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पालकांनी एक गोष्ट दारातून आत जाण्याआधीच ठरवायला हवी: तपासणी कोणत्या भाषेत होणार.

आपल्याकडे मूल घरी मराठी बोलतं, शाळेत कन्नड किंवा इंग्रजी शिकतं, गल्लीत सगळंच मिसळतं. शब्दांचे अर्थ, गोष्टीतली चूक ओळखणं, ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणणं, असे प्रश्न कच्च्या भाषेत विचारले तर बुद्धीऐवजी भाषाच मोजली जाते आणि आकडा खाली येतो. म्हणून वेळ घेतानाच विचारा: मराठीतून चाचणी होईल का? मूल रागावल्यावर, घाबरल्यावर, स्वतःशी खेळताना कोणती भाषा बोलतं, तेही सांगा. सायकॉलॉजिस्टना मराठी येत नसेल तर आईनं मध्ये बसून भाषांतर करणं बरोबर नाही. आई नकळत उत्तराचा धागा देते. त्यापेक्षा ठोकळे, आकृत्या, नमुने यांच्या शब्दाविना चाचण्या घ्यायला सांगावं आणि रिपोर्टात तशी नोंद मागावी.

मराठीतली सोय आपल्याकडे आजची नाही. डॉ. व्ही. व्ही. कामतांनी १९३०च्या दशकात फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन चाचणी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठीच बसवली. बिने-कामत चाचणी अजून वापरात आहे. नागपूरला मालिन यांनी तयार केलेली बुद्धिमापन चाचणीही मराठीत मिळते. फक्त एक ध्यानात ठेवा: बिने-कामतचे प्रश्न जुने आहेत, त्यामुळे एकट्या त्या आकड्यावर मोठा निर्णय घेऊ नये.

जाण्याआधी कान आणि डोळे तपासून घ्या. कमी ऐकू येणारं मूल ‘लक्ष देत नाही’ असं दिसतं आणि सगळी तपासणी चुकीच्या वाटेनं जाते. चष्मा असेल तर विसरू नका. सोबत जन्माच्या वेळचे कागद, प्रगतिपुस्तकं, जुने रिपोर्ट आणि या वर्षाच्या वह्या घ्या. वह्या चुकांसकट न्या, घरी पुसून नीट करू नका. मूल झोपलेलं, जेवलेलं असावं. ताप असेल किंवा आदल्या दिवशी फिट आली असेल तर तारीख पुढे ढकला. चालू गोळ्या मनानं बंद करू नका, फक्त सांगा. मोबाईलवर चाचण्या शोधून सराव करून घेतला तर आकडा खोटा येतो आणि मदत मिळायच्या मुलाचीच मदत हुकते.

पहिला भाग पालकांशी बोलण्याचा असतो: गरोदरपण, जन्मल्यावर मूल कधी रडलं, कधी चाललं, कधी बोललं. मग व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनाचे प्रश्न येतात. स्वतः जेवतो का, बटणं लावतो का, दुकानातून एखादी वस्तू आणतो का? इथे बहुतेक घरं लाजेपोटी ‘सगळं करतो’ म्हणतात, त्यानं गुण वाढतात आणि अपंगत्वाची टक्केवारी घटते. बौद्धिक अपंगत्वाची टक्केवारी ठरवताना हेच गुण बघितले जातात. केंद्र सरकारच्या २०१८च्या निकषांत ५५ ते ६९ गुणांना ५० टक्के आणि ७० ते ८४ ला २५ टक्के धरले होते. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. तुम्ही मदत करता म्हणून होणारी कामं ‘करतो’ या खात्यात घालू नका.

मग मूल आत जातं, पालक बाहेर. लहान मुलांना बऱ्याचदा सेगाँचा लाकडी फळा देतात: दहा आकार आपापल्या खाचेत बसवायचे, तीनदा, त्यातली सगळ्यात कमी वेळ धरायची. बिने-कामतमध्ये प्रश्न सोपे सुरू होऊन जमेनासे होईपर्यंत वर चढतात. शेवटी न जमणं हा चाचणीचाच भाग आहे. हे आदल्या दिवशी मुलाला सांगा, नाहीतर ते रडत बाहेर येतं. समोरचे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणत नाहीत, तेही सांगून ठेवा. सगळं मिळून दोन-तीन तास जातात. लहान किंवा चंचल मुलाला दोन दिवसांत बोलावतात.

वाचन-लेखनाची अडचण असेल तर आपल्या भागात जास्त काळजी हवी. मूल फक्त कन्नडमध्ये अडखळत असेल आणि मराठी बरं वाचत असेल तर शिकवणी कमी पडलीय असं आधी धरावं. शिकवलेल्या सगळ्या लिप्यांत तशाच चुका दिसल्या तर अध्ययन अक्षमतेचा (वाचन, लेखन, गणित शिकण्यातल्या अडचणीचा) संशय बळावतो. सत्तावीस ऐकून ७२ लिहिणारं मूलही लगेच डिस्लेक्सियात, म्हणजे वाचनाच्या अक्षमतेत, टाकू नये. मराठीत एकक आधी येतो, कन्नड आणि इंग्रजीत दशक. वाचन-लेखन कोणत्या भाषेत तपासलं, हे रिपोर्टात लिहून घ्या. या अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षाआधी देत नाहीत.

रिपोर्टावर चाचण्यांची नावं, तारीख, भाषा, चाचणीवेळचं मुलाचं वागणं आणि तज्ज्ञाचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असायला हवा. नुसता आकडा लिहिलेला अर्धा कागद स्वीकारू नका. आयक्यू ६८ आणि ७२ यांत चाचणीच्या चुकीइतकाच फरक असतो, त्यावरून घरात भांडू नका. आणि हा रिपोर्ट म्हणजे अपंगत्वाचं प्रमाणपत्र नव्हे. त्यासाठी यूडीआयडीचा, म्हणजे अपंगांच्या सरकारी ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज करून सरकारी वैद्यकीय मंडळापुढे जावं लागतं.

आकडा पटला नाही तर आठवड्याभरात दुसरीकडे तीच चाचणी करू नका. प्रश्न डोक्यात ताजे असतात, गुण वाढतात आणि खरं काय ते कळत नाही. जुना रिपोर्ट दाखवा म्हणजे वेगळी चाचणी निवडता येते. तीच करायची तर साधारण वर्षाचं अंतर ठेवा.