आरशातली कवटी

"मॅडम, तुकडा सुंदर बसलाय हो. पण कातडी पुरत नाहीये."

ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, आलेला हा फोन मला जसाच्या तसा आठवतो. कुणीतरी डॉक्टरांच्या कानाशी फोन धरला असावा, कारण मागे मॉनिटरची टूं टूं ऐकू येत होती आणि डॉक्टर मास्कमधून बोलत होते. मला या कामात तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. "कातडी पुरत नाही म्हणजे?" असा अत्यंत हुशार प्रश्न मी विचारला. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे टाके घालताना दोन्ही कडा एकमेकींपर्यंत येत नाहीयेत."

डोक्याला जबर मार बसला आणि मेंदू सुजला, की न्यूरोसर्जन कवटीचा चांगला तळहाताएवढा तुकडा काढून ठेवतात. सुजलेल्या मेंदूला जागा मिळावी म्हणून. सूज उतरली की तोच तुकडा परत बसवतात. पण कधी त्याला जंतुसंसर्ग होतो, कधी बसवल्यावर तो महिनोन्‌महिने विरघळत जातो, तर कधी अपघातातच त्याचा चुरा झालेला असतो. अशा वेळी तिथे बसणारा नवा तुकडा कुणालातरी घडवावा लागतो. ते माझं काम. शिकले मी मातीकाम, म्हणजे पोर्ट्रेट, साचे, प्लास्टर. आता माती स्क्रीनवर असते आणि नखांत काही जात नाही, एवढाच फरक, असं मी लोकांना सांगते. खरं तर फरक बराच आहे.

त्या फोनवाल्या केसमध्ये मी पुस्तकाबरहुकूम वागले होते. सीटी स्कॅन घेतला, हाड वेगळं केलं, शाबूत बाजू आरशासारखी उलटवून मोकळ्या जागेवर ठेवली आणि कडा जुळवल्या. झालं. स्क्रीनवर ती कवटी इतकी देखणी दिसत होती, की मी तिचे चार बाजूंनी फोटो काढून ठेवले. फक्त एक गोष्ट डोक्यात आली नव्हती. त्या माणसाच्या डोक्याला आठ महिने त्या बाजूला हाड नव्हतं. कातडी आत खचली होती, आखडली होती. अपघाताआधीच्या गोलाईवर ती आता ताणून बसणार कशी? डॉक्टरांनी शेवटी तुकड्याची वरची बाजू तिथल्या तिथे बरने, म्हणजे ड्रिलच्या घासणाऱ्या टोकाने, घासून उतरवली, आजूबाजूची कातडी सोडवून घेतली आणि कशीबशी शिवली. जखम भरली, पण वेळ लागला. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

तेव्हापासून मी आरशावर विश्वास ठेवत नाही. आरसा सुरुवातीला लागतो, नाही असं नाही. पण कुणाचंही डोकं दोन्ही बाजूंनी सारखं नसतं. शाबूत बाजू उलटवून ठेवली, की एका कडेला दोन मिलिमीटर वर येते आणि दुसऱ्या कडेला आत बुडते. मग खेचाखेच सुरू होते. अपघाताआधी कुठल्याही कारणाने काढलेला सीटी मिळाला, तर देव पावला. त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण डोकं फुटणार म्हणून आधीच स्कॅन कोण काढून ठेवतं?

स्कॅनवरूनही भांडणं होतात. सीटीत प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. पाण्याला 0, हवेला उणे 1000, हाड साधारण 200-250च्या वर. या मोजपट्टीला गॉडफ्रे हाउन्सफील्डचं नाव आहे. सीटीच्या शोधासाठी ॲलन कॉरमॅकबरोबर 1979चं नोबेल मिळालं ते यांनाच. सॉफ्टवेअरला सांगायचं, अमुक आकड्याच्या वरचं सगळं हाड समज. जाड हाडाला हे चालतं. डोळ्याखालचं हाड मात्र कागदासारखं पातळ. तिथे हाड आणि शेजारची हवा एकाच ठिपक्यात मिसळतात, आकडा घसरतो आणि धडधाकट हाडाला स्क्रीनवर भोकं पडतात. नवीन आलेली मुलं घाबरून विचारतात, "मॅडम, इथे फ्रॅक्चर आहे का?" नाही बाळा, इथे फक्त हाड पातळ आहे.

आणि स्लाइस, म्हणजे सीटीत दिसणारे डोक्याचे आडवे काप. मी अक्षरशः हात जोडून सांगते, एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक पाठवा. तरी कधीतरी पाच मिलिमीटरचा संच येतोच. त्यातून बनलेली कवटी पायऱ्यापायऱ्यांची दिसते, आणि त्या पायऱ्यांवर स्मूथ ब्रश फिरवला की पायऱ्या जातात आणि त्यांच्याबरोबर खरी कडही जाते. अशा वेळी मी काम सुरूच करत नाही. मशीनवर मूळ डेटा शिल्लक असेल तर त्याच स्कॅनमधून बारीक स्लाइस काढता येतात, पेशंटला पुन्हा आत झोपवावं लागत नाही. फक्त तो डेटा पुसला जाण्याआधी कुणीतरी फोन करायला हवा. तो फोन मी करते.

हाताला या कामातलं सगळ्यात जवळचं काय असेल, तर ते पेन. हॅप्टिक पेन म्हणतात त्याला. यंत्राच्या दांड्याला जोडलेलं असतं आणि स्क्रीनवरच्या मातीला टेकलं की हाताला खरोखर अडतं. 1990च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीत हा प्रकार जन्माला आला. पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मी दचकून पेन सोडलं होतं. समोर काहीच नाही आणि हात थांबतोय! आता ते इतकं सवयीचं झालंय, की साध्या माऊसने काम करताना बोटं बधिर झाल्यासारखी वाटतात. कपाळाचा उंचवटा कानशिलाकडे उतरताना नेमका कुठे मोडतो, हे डोळ्यांना उशिरा कळतं. हाताला आधी कळतं.

कडेला मात्र हॅप्टिक पेनची मिजास चालत नाही. तिथे कॅड, म्हणजे मापं घालून आकार काढायचं सॉफ्टवेअर. हाडाच्या कडेपासून सगळीकडे सारखी फट ठेवायची, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. माझ्या पहिल्या काही तुकड्यांत मी फट ठेवलीच नव्हती. स्क्रीनवर कडा एकजीव दिसल्या, की मन कसं तृप्त होतं. पण ओटीत तुकडा टेकतो तो कुठल्यातरी एका टोकावर, आणि मग उरलेला सगळा उचलून राहतो. शिवाय कड सरळ उभी नसते. ड्रिलने पाडलेल्या भोकांच्या जागी चंद्रकोरीसारख्या खाचा असतात आणि मधे मधे हाड आतल्या बाजूने कातरलेलं असतं.

इथे मला माझं प्लास्टर आठवतं. साचा करताना पहिला धडा असतो तो अंडरकटचा. तुकडा साच्यातून सरळ वर निघायला हवा. नाकपुडीत प्लास्टर अडकलं की एकतर साचा फुटतो नाहीतर नाक. इथे नेमकं उलटं, वरून खाली जाताना कुठे अडकायला नको. म्हणून मी आधी एक दिशा ठरवते, सर्जन ज्या बाजूने तुकडा आत घालणार ती, आणि त्या दिशेला आड येणारं सगळं छाटून टाकते. याची सवय मला कॅडमुळे लागलेली नाही. तुटलेली तीन-चार नाकं आहेत त्यामागे.

कानशिलाची गोष्ट तर आणखी उफराटी. ऑपरेशनच्या वेळी तिथला चावण्याचा स्नायू हाडावरून सोडवतात. नंतर तो सुकतो, आक्रसतो. हाड अगदी हुबेहूब घडवलं तरी कानशिलात खड्डा दिसतो, आणि पेशंटला वाटतं ऑपरेशन फसलं. म्हणून तिथे हाड होतं त्यापेक्षा थोडं जास्त भरायचं. आणि माथ्याकडे, जिथे कातडी आखडलीय, तिथे होतं त्यापेक्षा थोडं कमी. म्हणजे एकाच तुकड्यात एकीकडे खरेपणापेक्षा जास्त, दुसरीकडे कमी. किती जास्त, किती कमी, हे कुठलंही बटण सांगत नाही. मी सर्जनना विचारते, "कातडी चिमटीत येतेय का?" फोनवर एवढा एकच प्रश्न विचारायला शिकले, तेव्हा कुठे मी कामाची झाले.

लोक सर्वांत जास्त विचारतात ते मटेरियलबद्दल, त्यावर थोडक्यात उरकते. पूर्वी, आणि अजूनही, सर्जन ओटीतच हाडाचं सिमेंट कालवून हाताने आकार देतात. ते घट्ट होताना चांगलंच तापतं, वरून सलाइन सोडत राहावं लागतं. टायटॅनियम दणकट, पण हाडापेक्षा कितीतरी ताठ. पीक नावाचं प्लास्टिक 343 अंशांना वितळतं, त्यामुळे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हच्या 134 अंशांचं त्याला काही नाही. सीटीत धातूसारखं चकाकत नाही, आणि अडलंच तर बरने घासता येतं. कवटीला मला तेच आवडतं. वर सांगितलेल्या केसमध्ये टायटॅनियम असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

फाईल पाठवताना अजूनही पोटात गोळा येतो, आणि तो डाव्या-उजव्याचा. सीटीच्या आडव्या स्लाइस पायांकडून पाहिल्यासारख्या मांडतात, म्हणजे पेशंटची डावी बाजू आपल्या उजवीकडे. त्यात आमचं निम्मं काम आरशाचं. एकदा उलटवलेलं पुन्हा उलटवलं गेलं तर? म्हणून मी तुकड्याच्या आतल्या बाजूला बाण आणि अक्षर कोरते, आणि पाठवण्याआधी दुसऱ्या कुणालातरी बसवून मोठ्याने विचारते, "कुठली बाजू?" एकदा थ्रीडी छपाईवाल्यांनी आमचा तुकडा इंचांत उघडला. छपाईला आकार पाठवतो त्या एसटीएल फाईलमध्ये मापाचं एकक लिहिलेलंच नसतं. 1987 पासून हे असंच चालू आहे, नुसते त्रिकोण आणि आकडे. तुकडा 25.4 पट मोठा झाला, त्याखाली एखादी मोटार उभी राहिली असती. चूक इतकी प्रचंड असली की बरं, लगेच दिसते. मला भीती लहान चुकीची वाटते.

काल नवी फाईल आली. कपाळाचा मोठा भाग गेलाय, दोन्ही बाजूंचा, अगदी मध्यरेषा ओलांडून. म्हणजे उलटवायला काहीच नाही. अशा वेळी उरलेल्या कडांवरून माती पुढे ओढत न्यायची आणि अंदाज बांधायचा. पण कपाळ सगळ्यांना दिसतं, आणि प्रत्येकाचं वेगळं असतं. मी डॉक्टरांना निरोप धाडला, पेशंटचा आधीचा फोटो मिळेल का, बाजूने काढलेला. संध्याकाळी उत्तर आलं, "घरच्यांकडे सगळे समोरूनच आहेत."

ते खरंच आहे. बाजूने फोटो कोण काढतं?

आज सकाळी पेशंटच्या बहिणीने एक शोधून पाठवला. कुठल्याशा गर्दीत, कुणाशी तरी बोलता बोलता मान वळवलेली, तोंड उघडं, बहुधा हसता हसता टिपलेला. फोटो हललाय, केस कपाळावर आलेत. पण भुवईच्या वर एक छोटासा फुगवटा आहे आणि तिथून रेघ मागे झुकत जाते, तीही एकदम नाही, थोडी थबकून. मी तो फोटो दुसऱ्या स्क्रीनवर लावलाय आणि पेन हातात घेतलंय.