कालवडी ठेवणार का? वळू बघायला जाण्याआधी एवढं ठरवा

वळू घ्यायचा म्हटलं की बहुतेकजण थेट वळूच बघायला निघतात. कुणाची छाती रुंद, कुणाची पाठ सरळ, कुणाचं वजन जास्त. मला कुणी विचारलं की मी आधी एकच प्रश्न विचारते, ह्याच्या कालवडी तू कळपात ठेवणार आहेस का सगळी वासरं मांसासाठी विकणार आहेस? ह्या एका उत्तरावर अख्खी निवड फिरते. आणि नवल म्हणजे पुष्कळांनी हे ठरवलेलंच नसतं, वळूचा सौदा मात्र होत आलेला असतो.

सगळी वासरं विकायची असतील तर गोष्ट सोपी आहे. अशा वळूला टर्मिनल सायर म्हणतात, म्हणजे त्याचा वंश तिथेच थांबणार. वाढ बघा, मांसलपणा बघा, मांसाची प्रत बघा. त्याच्या मुलींना दूध किती येईल, कास कशी असेल ह्याचा विचार करायची गरजच नाही कारण मुली राहणारच नाहीत. शारोले जातीचा थोराड वळू दोन-तीन वेतं झालेल्या गाईंवर बिनधास्त सोडता येतो, पहिलारू कालवडींवर मात्र नको.

कालवडी ठेवायच्या असतील तर मात्र सगळंच बदलतं. वासरात निम्मा वाटा वळूचा हे सगळ्यांना माहीत असतं, पण पुढचा हिशोब कुणी करत नाही. प्रत्येक पिढीत घरच्याच कालवडी ठेवल्या तर आज जन्मलेल्या वासरात शेवटच्या तीन वळूंचा मिळून 87.5 टक्के वाटा असतो, निम्मा बापाचा, पाव आईच्या बापाचा, आणि आठवा हिस्सा आईच्या आईच्या बापाचा. म्हणजे तुमचा कळप कसा आहे ह्याचं उत्तर मुख्यतः ह्या तीन वळूंमध्ये आहे. आणि वेळ बघा, आज सोडलेल्या वळूची कालवड नऊ महिन्यांनी जन्मणार, 14-15 महिन्यांची झाली की फळणार, 2 वर्षांची असताना विणार, आणि ती गाय म्हणून टिकाऊ आहे का हे दुसऱ्या वेताशिवाय कळत नाही. जवळजवळ चार वर्षं झाली. तोवर त्या वळूच्या आणखी दोन-तीन वर्षांच्या मुली कळपात आलेल्या असतात.

म्हणून अशा वळूत मी सगळ्यात आधी त्याची आई बघते. शक्य असेल तर प्रत्यक्ष जाऊन बघते. तिची कास लोंबती आहे का, सड इतके जाड आहेत का की नुकतं जन्मलेलं वासरू ते तोंडात धरूच शकणार नाही, खूर वाढून वळलेत का, ती दरवर्षी वेळेवर व्याली आहे का. गाय साधारण 283 दिवस गाभण राहते, मग वर्षाला एक वासरू हवं असेल तर व्याल्यावर 80-82 दिवसांच्या आत ती परत फळायला हवी. जी दहा वर्षं हे न चुकता करते तिचा मुलगा दिसायला साधारण असला तरी माझ्या यादीत वर जातो.

दुधाचं तर विचारूच नका. जास्त दूध म्हणजे वासरू वजनदार, हे खरंच आहे. पण जास्त दुधाच्या गाईला चारा जास्त लागतो, आणि तो फक्त दूध देते तेव्हाच नाही तर भाकड काळातही लागतो. चराई बेताची असेल तर ती गाय आधी अंगावरची चरबी वापरते, मग माजावर यायला उशीर करते, आणि पहिलारू कालवडी तर दुसऱ्यांदा गाभण राहतच नाहीत. गाईच्या आकाराचंही तेच. वासरं झपाट्याने वाढावीत म्हणून वाढीच्या मागे लागलं की गाईसुद्धा थोराड होत जातात आणि त्यांना रोज पोसावं लागतं. तुमच्या जमिनीला जेवढा चारा देता येतो तेवढ्याच गाई घडवा असं मी अगदी मनापासून सांगते.

नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवला की काय होतं ह्याचा अमेरिकेत मोठा इतिहास आहे. 1940-50 च्या दशकांत तिथल्या प्रदर्शनांत बुटकी, गुबगुबीत जनावरं जिंकायची, सगळे तसेच वळू निवडायला लागले, आणि हेरफर्ड जातीत खुजेपणाचा दोष पसरला कारण त्या दोषाचा एक जीन असलेली जनावरं अशा निवडीत वर येत होती. पुढे 1970-80 च्या दशकांत वारं पार उलट्या दिशेला गेलं, युरोपातून शारोले, सिमेंटल, लिमुझिन ह्या थोराड जाती आलेल्याच होत्या आणि उंची म्हणजेच गुणवत्ता असं झालं, गाई एवढ्या मोठ्या झाल्या की त्यांना पोसणं अवघड झालं. दोन्ही वेळा परीक्षकाच्या डोळ्याला जे बरं वाटलं तेच कळपात उतरलं.

आता आकडे असतात, आणि ते वापरायलाच हवेत. ईपीडी म्हणजे एक्स्पेक्टेड प्रोजेनी डिफरन्स, वळूच्या वासरांत अपेक्षित असलेला फरक. एका वळूचा जन्मवजनाचा ईपीडी +4 पौंड आणि दुसऱ्याचा -1 असेल तर सारख्या गाईंवर सोडल्यास पहिल्याची वासरं सरासरी 5 पौंडांनी जास्त वजनाची जन्मतील, एवढाच त्याचा अर्थ. एकटा आकडा काही सांगत नाही, दोघांमधला फरक सांगतो, तोही एकाच जातीत. अँगस जातीचा आकडा थेट हेरफर्डशी लावू नका. ऑस्ट्रेलियाकडचे ईबीव्ही म्हणजे एस्टिमेटेड ब्रीडिंग व्हॅल्यू दिसले तर लक्षात ठेवा, ते जनावराचं स्वतःचं आनुवंशिक मोल सांगतात म्हणून निम्मे केले की ईपीडीच्या मापात येतात. आणि शेजारी अचूकतेचा आकडा असतो तो जरूर वाचा, कारण लहान वळूची अचूकता कमी असते, त्याची वासरं मोजली गेली की आकडा हलतो. तरीही त्याचं नुसतं स्वतःचं वजन बघण्यापेक्षा ईपीडी बराच विश्वासाचा, कारण वजनात त्याला काय खायला घातलं होतं तेही मिसळलेलं असतं. विक्रीसाठी खाऊ घालून गुटगुटीत केलेला वळू चराईवर आला की उतरतो, आणि अति चरबीने त्याचं वीर्यही बिघडू शकतं.

विण्याच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात. एक म्हणजे ह्या वळूची वासरं सहज जन्मतात का, आणि दुसरी म्हणजे ह्याच्या मुली स्वतः सहज वितात का. कालवडींवर सोडायला पहिली बघा, मुली ठेवायच्या तर दुसरीही बघा. अडलेल्या गाईपाशी रात्रभर बसलेल्या कुणालाही हे पटवून द्यावं लागत नाही. बेल्जियन ब्लू सारख्या दुहेरी स्नायूंच्या जातीत तर सिझेरियन नेहमीचं झालेलं आहे, एवढं मांस हवं असेल तर त्याची किंमत कोण मोजतं हे बघायला हवं.

नात्यातल्या जोड्यांबद्दल थोडं कडक बोलते. वळूला स्वतःच्या मुलींवर जाऊ देऊ नका. होणाऱ्या वासरात 25 टक्के अंतःप्रजनन असतं, आणि वळूत एखादा लपलेला, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणारा दोष असेल तर त्याच्या निम्म्या मुलींत तो असणार, मग बाप-लेकीच्या जोडीतून आठात एक वासरू दोषी निघू शकतं. 2008 मध्ये अँगसमध्ये कर्ली काफ म्हणजे वाकड्या पायांची, मृत जन्मणारी वासरं ज्या दोषामुळे होतात तो असाच गाजलेल्या रक्तातून दूरवर पसरलेला आढळला. आता डीएनए टेस्ट आहे, केसांचा नमुनाही चालतो, तेव्हा निकाल मागून घ्या. मुली ठेवायला लागलात की दोन-तीन वर्षांनी वळू बदलायचा किंवा कालवडींना वेगळ्या वळूचं सीमेन द्यायचं, दुसरा उपाय नाही.

जननक्षमता वळू निवडून फार हळू सुधारते, तिची आनुवंशिकता साधारण 10 टक्क्यांच्या आसपास, वाढीची आणि मांसाच्या प्रतीची बरीच जास्त. पण जिथे निवड हळू चालते तिथेच संकर कामाला येतो. संकरित गाय तिच्या आयुष्यात शुद्ध गाईपेक्षा 20 टक्क्यांहून जास्त वासरूवजन देऊ शकते असं दीर्घ प्रयोगांतून दिसलंय. उष्ण भागात ह्याचा फायदा आणखी मोठा, ब्राह्मन जात तर भारतातून गेलेल्या गीर, काँक्रेज आणि ओंगोल रक्तातूनच घडलेली आहे.

एवढं सगळं जुळलं तरी वळू सोडण्याआधी डॉक्टरकडून तपासणी करून घ्याच. वृषणाचा घेर 15 महिन्यांपर्यंत किमान 30 सेंमी आणि 2 वर्षांपुढे 34 सेंमी, वीर्यात किमान 70 टक्के शुक्राणू नीट आकाराचे, आणि 30 टक्के तरी पुढे पोहणारे. घेर जास्त असलेल्या वळूच्या मुली लवकर माजावर येतात, म्हणून मुली ठेवणाऱ्याला तो दुप्पट महत्त्वाचा. शुक्राणू तयार व्हायला साधारण दोन महिने लागतात, तेव्हा वळूला ताप येऊन गेला असेल तर मागची तपासणी धरू नका, परत करा. म्हातारा, चार ठिकाणी फिरलेला वळू स्वस्त मिळतो म्हणून आणू नका, ट्रायकोमोनियासिससारखा समागमातून पसरणारा आजार त्याच्यात दिसत नाही आणि गाई मात्र सुरुवातीलाच गाभ टाकतात.

आणि ह्या तपासणीत एक गोष्ट कळतच नाही, त्याची इच्छा. वीर्य उत्तम आणि गाईकडे ढुंकून बघत नाही असेही वळू असतात, पायाने अधू असला तर चढतच नाही. तरुण वळूला जेवढ्या महिन्यांचा तेवढ्याच गाई द्या, 15 महिन्यांचा असेल तर 15, मोठ्याला 25-30. सोडल्यावर पहिले काही दिवस सकाळ-संध्याकाळ जाऊन बघा तो खरंच लागतोय का, आणि कुठली गाय कधी लागली ते लिहून ठेवा. 21 दिवसांनी त्याच गाई एकामागून एक उलटायला, म्हणजे परत माजावर यायला लागल्या तर सीझन संपायची वाट बघू नका, त्याच आठवड्यात दुसरा वळू आत सोडा.