माहुलच्या टाक्या आणि ड्रोन: आराखडा करतानाचा अनुभव

मुंबईतल्या माहुलमधल्या एका इंधन साठवण केंद्राची सुरक्षा मी पाहतो. ड्रोनपासून बचावाचा आराखडा करायचं काम माझ्याकडे आलं. सप्टेंबर 2019 मध्ये सौदीच्या अबकैक तेलप्रकल्पावर झालेला हल्ला आणि जून 2021 मध्ये जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनने टाकलेली स्फोटकं सगळ्यांच्या लक्षात होती, त्यामुळे गरज कुणाला पटवावी लागली नाही.

बैठकीत पहिली मागणी आली जॅमरची, म्हणजे ड्रोनचे सिग्नल बिघडवणाऱ्या यंत्राची. तो रस्ता बंद आहे. खासगी कंपनीला जॅमर घेता येत नाही आणि वापरताही येत नाही. मला हे बंधन योग्यच वाटतं. शेजारी रिफायनऱ्या, पलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र, शहराच्या मधोमध विमानतळ. इथे ज्याने त्याने सिग्नल बिघडवायला घेतले तर अनर्थ होईल. शिवाय आमच्या डोक्यावर पाडलेला ड्रोन पडणार कुठे? टाक्यांवरच.

म्हणजे आमच्या हातात उरलं ते लवकर ओळखणं. सगळ्यात जास्त डोकं इथे लागलं. रेडिओ लहरी टिपणारं यंत्र ड्रोन आणि रिमोटमधला संपर्क पकडतं. पण तो बहुतेकदा 2.4 किंवा 5.8 गिगाहर्ट्झवर असतो, आणि आसपासच्या घराघरातलं वायफायही त्याच पट्ट्यांत. आधी मार्ग भरून सोडलेल्या ड्रोनला तर रिमोट लागतच नाही. रडारला तो दिसतो, पण लहान ड्रोन आणि मोठा पक्षी यांत रडारची गल्लत होते. विक्रेते मोकळ्या माळावरचे व्हिडिओ दाखवत. मी प्रत्येकाला म्हणायचो, शिवडी-माहुलच्या खाडीवर फ्लेमिंगो उतरलेले असताना दाखवा. शेवटी रडारने इशारा द्यायचा आणि कॅमेऱ्याने खात्री करायची, अशी जोडी ठरली.

चाचणीसाठी इथे ड्रोन उडवणं शक्य नव्हतं. हा भाग रेड झोन, म्हणजे उड्डाणबंदीचा; 2021 च्या ड्रोन नियमांनुसार तिथे केंद्र सरकारची परवानगी लागते, आणि मुंबई पोलिसांचे बंदी आदेशही वेळोवेळी निघतात. म्हणून उड्डाणाची चाचणी शहराबाहेर ग्रीन झोनमध्ये, म्हणजे उड्डाणाला मोकळ्या भागात केली. आमच्याकडे यंत्र नुसतं चालू ठेवून खोटे इशारे किती येतात ते पाहिलं. खूप आले.

माझ्या मते खरं काम यंत्राच्या पलीकडे झालं. तरंगत्या छताच्या टाकीत (छत इंधनावरच तरंगतं) छत आणि भिंत यांच्यामधलं कडेचं सील सगळ्यात नाजूक, म्हणून तिथल्या फोमच्या लाइन पुन्हा तपासल्या. इशारा आला की टँकर भरणं थांबवायचं, माणसं छपराखाली न्यायची, कंट्रोल रूमने 112 ला फोन करायचा. पडलेल्या ड्रोनला कुणी हात लावायचा नाही. हे प्रत्येक पाळीतल्या कंत्राटी कामगारांकडूनही करून घेतलं.

आराखडा पोलिसांना दाखवला तेव्हा त्यांनी एक भर घालायला सांगितली: सगळे कॅमेरे आकाशाकडे वळवू नका, एक रस्त्यावर आणि खाडीच्या काठावर ठेवा. उडवणारा जवळपास असेल तर तिथेच सापडेल.