निघोजचा गोटा

पहिला दिवस माळशेज आणि नाणेघाटात गेला. फेब्रुवारीत धबधबे नसतात, पण कड्यांचे थर उघडे दिसतात आणि मला तेच जास्त आवडतात. नाणेघाटाच्या माथ्यावर दगडात कोरलेला रांजण आहे, त्यात जकात गोळा करत असं सांगतात. लेकीने तो हात फिरवून पाहिला. दुसऱ्या दिवशी आळेफाट्यावरून निघोजला गेलो, तर तिथे नदीनेच शेकडो रांजण कोरून ठेवलेले!

कुकडीचं पात्र इथे एकदम अरुंद होतं. दोन्ही काठांवर मळगंगेची देवळं आणि मधे काळ्या बसाल्टमध्ये खळगे, काही वाटीएवढे, तर काहींत माणूस उभा राहील एवढे खोल. पुराच्या पाण्याबरोबर आलेला गोटा खडकाच्या खाचेत अडकतो, भोवऱ्यात गरगर फिरतो आणि खडक झिजवत खाली जातो. वर्षानुवर्षं, दर पावसाळ्यात. शेजारचे खळगे वाढत वाढत एकमेकांत मिसळतात आणि मधे नुसती पातळ धार उरते. त्या धारेवर उभं राहून लोक फोटो काढत होते. माझा जीव अक्षरशः टांगणीला लागला होता. कठडा नाही, पाय घसरला तर थेट कुंडात. लहान मुलांचा हात इथे क्षणभरही सोडू नका. मी सोडला होता आणि त्या दोन मिनिटांची भीती अजून गेलेली नाही.

लेक एका उथळ खळग्याशी पालथी पडून आत हात घालून बसली होती. तळातून तिने एक गोटा काढला, लिंबाएवढा, लोण्यासारखा गुळगुळीत. "घरी नेऊ?"

सासूबाईंनी खळग्याची आतली कड चाचपली. "अगं, उखळच आहे हे," म्हणाल्या. मग गोट्याकडे बघून, "ठेव बाळा परत. पाऊस आला की लागेल तो."

शेजारच्या खळग्यात पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं तरंगत होती. इतका संताप आला! हाताला लागल्या तेवढ्या बाटल्या आम्ही पिशवीत भरल्या, पण खोल कुंडांतल्या तशाच राहिल्या.

निघताना लेकीने गोटा हळूच आत सोडला. टक्क करून तळाला लागल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे ती उठली.