नकाराची पत्रं फाईलला लावा

कोलोरॅडोत ३० डिसेंबर २०२१ ला मार्शलचा वणवा लागला, त्यात बोल्डर काउंटीतली १,०८४ घरं गेली. त्यातलं एक आमचं, सुपीरियर गावातलं. ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढचा वारा, कोरडं गवत. त्याबद्दल बरंच लिहून झालंय. पण घर परत उभं करताना कुणाच्या दारात कुठल्या क्रमाने जायचं, हे फारसं कुणी सांगत नाही.

लाफायेटला मदत केंद्र उघडलं होतं. एकाच छपराखाली फेमा ही आपत्तीत मदत देणारी अमेरिकेची केंद्र सरकारी संस्था, रेड क्रॉस, सरकारी कर्ज देणारी एसबीए आणि कितीतरी संस्था. प्रत्येक टेबलावर तीच कहाणी, तोच फॉर्म. नवरा म्हणाला, "आपला विमा आहे ना? मग लोकांच्या देणग्यांना कशाला हात लावायचा?" विमा होता, पण त्या रकमेत नवं घर उभं राहण्यासारखं नव्हतं. आमच्यासारखे तिथे ढिगाने निघाले. त्यात नवऱ्याची नोकरी नुकतीच सुटलेली.

युनायटेड पॉलिसीहोल्डर्स ही संस्था विमाधारकांना दाव्याची यादी करायला शिकवते. 'स्वयंपाकघरातलं सामान' असं मोघम लिहायचं नाही, खण उघडल्यासारखं लिहायचं. मी लिहिलं: पुरणयंत्र, सोऱ्या साच्यांसकट, समई, तीन कुकर, प्रत्येकाचं वय आणि किंमत. विमा कंपनीचा उलट प्रश्न आला, कुकर तीन कशाला? वरणभाताचा, उसळींचा आणि दोघांपुरता लहान, असं रीतसर लेखी उत्तर धाडलं. मंजूर झालं!

आमची केस सांभाळणाऱ्या, मदतीची वाट दाखवणाऱ्या रिकव्हरी नॅव्हिगेटर बाईंनी क्रम आधीच बजावला होता: आधी विमा, मग फेमा, मग एसबीए, आणि एवढं करून जो खड्डा उरेल तेवढाच संस्था बुजवणार. विम्यातून जे मिळतं त्याचे पैसे फेमा पुन्हा देत नाही, त्यामुळे आम्हाला नकार आला. बाई म्हणाल्या, "हे पत्र फाईलला लावा, पुढे हेच लागणार आहे." लागलंच. इतर कुठून पैसे मिळत नाहीत याचा पुरावा म्हणून ते प्रत्येक अर्जाला जोडलं.

मार्शल आरओसी हा संस्थांचा गट. आमची केस तिथे नावाशिवाय गेली: कुटुंब, उत्पन्न, बांधकामाचा अंदाज, तूट. कुणी रोख देतं, कुणी साहित्य, कुणी राबायला माणसं. पैसे आमच्या हातात आलेच नाहीत, चेक थेट कॉन्ट्रॅक्टरच्या नावाने निघाले. मला ते बरंच वाटलं. वेळ मात्र फार गेला. मधल्या काळात लाकडाचे भाव बदलले, कॉन्ट्रॅक्टरचा अंदाज शिळा झाला आणि नव्या आकड्यांनिशी केस पुन्हा मांडावी लागली. संस्था एकत्र बसल्या म्हणजे सगळ्यांचे नियम एक झाले, असंही नाही. एकीला उत्पन्नाची मर्यादा, दुसरीला स्वतः राहणारा मालकच हवा. फरक एवढाच, की ही भांडणं आमच्याऐवजी बाई भांडत होत्या.

समोरच्या घरात भाड्याने राहणारं जोडपं यात कुठेच बसेना. घर त्यांचं नव्हतं, म्हणून बांधणीचा कुठलाच निधी त्यांना लागू नाही. सामानापुरती थोडी मदत घेऊन ते दुसऱ्या गावी गेले. भाडेकरू असाल तर घरमालकावर विसंबू नका. स्वतःच्या नावाने वेगळी केस उघडा, आणि तीही पहिल्याच आठवड्यात.