डब्यातलं पाणी

“आई, तो रिकाम्या डब्यात पाणी का ओततोय?”

काल रात्री ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा जपानी अ‍ॅनिमेशन सिनेमा बघताना लेकीनं विचारलं. १९४५चं, युद्धातलं जपानमधलं कोबे शहर. आई बॉम्बहल्ल्यात गेलेली, उरलेत १४ वर्षांचा सेइता आणि ४ वर्षांची सेत्सुको. पत्र्याच्या डब्यातल्या फळांच्या गोळ्या संपतात. मग तो डब्यात पाणी घालतो, खळखळ हलवतो आणि बहिणीला पाजतो. त्या पाण्यात तिला एकेक फळाची चव सापडते.

मी उत्तर शोधत होते, तर तीच म्हणाली, “तू मिक्सरचं भांडं विसळून आमटीत घालतेस, तसं?”

हो गं, तसंच. फक्त आपल्याकडे गॅसवर आमटी असते.

पुढे सेत्सुको गोळी समजून काचेची गोटी चोखते, तेव्हा लेक माझ्या कुशीत शिरली आणि शेवटपर्यंत बोलली नाही.

ही कथा लिहिणाऱ्या अकियुकी नोसाका यांची धाकटी बहीण त्याच वर्षी उपासमारीनं गेली. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता ९ वर्षांचे असताना ओकायामावरच्या बॉम्बहल्ल्यातून वाचले होते. म्हणूनच बहुधा यात कुठे लढाईची शान नाही, शूर सैनिक नाहीत. तांदूळ किती उरलेत, एवढंच आहे.

आज सकाळी चटणी वाटली. भांडं विसळताना लेक शेजारी येऊन उभी राहिली. पाणी आमटीत पडेपर्यंत बघत होती.

तिला हा सिनेमा इतक्या लवकर दाखवायला नको होता का? तुम्ही तुमच्या मुलांना दाखवलात?